घर आणि कार्यालय यांच्यातील फोल्डर-जुळवणी : काही फाइली दोनदा दिसतात आणि घरून सामायिक फोल्डर उघडत नाही

कोपरखैरणेकर, सोमवार रात्री ९.१०

नमस्कार. नौपाड्यात आमचे गृहनिर्माण संस्थांचे हिशेब आणि दप्तर सांभाळणारे लहानसे कार्यालय आहे. मी कोपरखैरण्याहून रोज ट्रान्सहार्बर मार्गाच्या लोकलने ठाण्याला ये-जा करते. कार्यालयात विंडोजचे चार संगणक असून सर्व कागदपत्रे लिनक्सवर चालणाऱ्या एका नॅसवर (सर्वांसाठी फाइली साठवणाऱ्या यंत्रावर) ठेवलेली आहेत. माझ्याकडे मॅकबुक आहे आणि त्याला जोडायची एक बाह्य डिस्क आहे. माझ्या भाच्याने आरसिंकची (दोन ठिकाणच्या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्रामची) एक स्क्रिप्ट लिहून दिली आहे. ती मी कार्यालयात पोहोचल्यावर आणि निघण्यापूर्वी चालवते. ती आधी नॅसवरचे बदल डिस्कवर उतरवते आणि मग डिस्कवरचे बदल नॅसवर चढवते. भाचा आता शिक्षणासाठी बाहेरगावी असल्यामुळे ऊठसूट त्याला त्रास देणे बरे वाटत नाही.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, नॅसवर चार फाइली प्रत्येकी दोनदा दिसतात. नाव अगदी एकच, अक्षरालाही फरक नाही. 'भाडेकऱ्यांची यादी', 'पदाधिकाऱ्यांची निवड', 'दुसऱ्या मजल्यावरील गळती' आणि 'कर्मचाऱ्यांचे वेतन' अशी त्यांची नावे आहेत. 'इतिवृत्त', 'थकबाकीदार', 'वर्गणी', 'जे नमुना' या फाइलींना काहीही झालेले नाही. माझ्या डिस्कवर यांपैकी तीन फाइली एकेकदाच दिसतात, 'भाडेकऱ्यांची यादी' मात्र तेथेही दोनदा दिसते. कधी कधी मी केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी नाहीशी झालेली असते, आणि सहकारी म्हणतात की त्यांनी फाइलीला हातही लावलेला नाही.

दुसरी अडचण अशी की, व्हीपीएनने (बाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात नेणाऱ्या सुरक्षित जोडणीने) कार्यालयाशी जोडणी होते, परंतु घरून सामायिक फोल्डर उघडत नाही. तोच फोल्डर लोकलमध्ये फोनच्या हॉटस्पॉटवरून व्यवस्थित उघडतो! ३० सप्टेंबरपूर्वी सगळ्या संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायच्या असल्यामुळे रात्री घरून काम करणे भाग आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

येऊरची_पायवाट, सोमवार रात्री ९.२५

लोकलमध्ये फोल्डर उघडत असेल, तर सभा उरकेपर्यंत आपण ठाणे ते नेरुळ अशा फेऱ्या मारत राहणे हा तूर्त सर्वांत खात्रीचा उपाय दिसतो.

मासुंदा, सोमवार रात्री ९.४०

ताई, वरचा विनोद बाजूला ठेवला तरी लोकलचा उल्लेख फार उपयोगी आहे, कारण एकाच यंत्रावरून एके ठिकाणी फोल्डर उघडतो आणि दुसऱ्या ठिकाणी उघडत नाही म्हटल्यावर नॅस, पासवर्ड आणि परवानग्या यांच्यावरचा संशय जवळजवळ मिटतो. तीन गोष्टी सांगा : कार्यालयातील नॅसचा आयपी पत्ता (जाळ्यातील यंत्राचा क्रमांक), घरच्या राउटरचा आयपी पत्ता आणि बाह्य डिस्क कोणत्या प्रकारात फॉरमॅट केलेली आहे.

खाडीपलीकडे, सोमवार रात्री १०.०५

इतके खोलात जाण्याची गरज वाटत नाही. कार्यालयाच्या राउटरवर ४४५ क्रमांकाचे पोर्ट नॅसकडे वळवून द्यावे, म्हणजे व्हीपीएनशिवाय कोठूनही थेट फोल्डर उघडता येईल. मी आमच्या दुकानासाठी काही वर्षांपूर्वी असेच केले होते आणि ते छान चालले.

निवृत्त_अभियंता, सोमवार रात्री १०.२०

खाडीपलीकडे यांची सूचना कृपया अमलात आणू नये. ४४५ हे फाइल-सामायिकरणाचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे म्हणजे इमारतीचे मुख्य दार उघडे टाकून पहारेकऱ्याला सुट्टी देण्यासारखे आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रणालीने या सामायिकरणाच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेऊनच जगभर संगणक कुलूपबंद केले होते. त्रुटीवरची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध झाली होती, तरीही ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. शिवाय येथे प्रश्न आहे तो सभासदांच्या नाव-पत्त्यांच्या आणि थकबाकीच्या कागदांचा. व्हीपीएन आहे ते योग्यच आहे, फक्त ते का अडते आहे ते शोधायला हवे.

खाडीपलीकडे, सोमवार रात्री १०.३१

मान्य. 'छान चालले' याचा अर्थ आमच्या वाट्याला काही आले नाही, एवढाच घ्यावा. आज घरी गेल्यावर तो नियम अजून राउटरवर आहे का ते पाहतो.

कोपरखैरणेकर, सोमवार रात्री ११.१५

मासुंदा, नॅसचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे. घरच्या राउटरच्या डबीवर १९२.१६८.१.१ असे छापलेले आहे. बाह्य डिस्क 'मॅक ओएस एक्स्टेंडेड' प्रकारातील आहे. आणि एक गंमत सांगायची राहिली. घरून व्हीपीएन जोडून ब्राउझरमध्ये नॅसचा पत्ता टाकला की आमच्या घरच्या बैठकीच्या खोलीतल्या प्रिंटरचे पान उघडते. मला वाटत होते की मीच काहीतरी चुकीचे टंकते आहे.

मासुंदा, सोमवार रात्री ११.४०

आपण काहीही चुकीचे टंकलेले नाही. दुसऱ्या अडचणीचे उत्तर त्या प्रिंटरनेच दिलेले आहे.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे एकच पत्ता लाखो घरांत एकाच वेळी वापरात असतो. आपल्या घरचे जाळे १९२.१६८.१ चे आणि कार्यालयाचेही १९२.१६८.१ चे आहे. आपण १९२.१६८.१.१० मागितले की मॅकबुकला वाटते, हा तर आपल्याच घरातला शेजारी, त्याच्यासाठी व्हीपीएनच्या बोगद्यातून ठाण्यापर्यंत कशाला जायचे? म्हणून ते थेट प्रिंटरचे दार ठोठावते. फोनच्या हॉटस्पॉटचे जाळे वेगळ्या क्रमांकाचे असल्यामुळे लोकलमध्ये हा गोंधळ होत नाही.

उपाय एकच, दोन्ही जाळ्यांपैकी एकाचा क्रमांक बदलणे. घरच्या राउटरमध्ये लॅन (घरातील जाळे) सेटिंगमध्ये जाऊन १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.७३.१ असे काही आडवळणाचे द्यावे आणि राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा.

घंटाळीचा_वाटसरू, मंगळवार सकाळी ८.०५

मासुंदा यांचे निदान बरोबर आहे, परंतु उपाय उलटा असावा असे मला वाटते. आज ताईंच्या घरचा क्रमांक बदलला, उद्या कळव्याच्या सहकाऱ्याला घरून काम करायचे झाले की त्याच्याही घरचा बदलायचा, परवा कोणी डोंबिवलीहून. बरेच घरगुती राउटर ० किंवा १ याच क्रमांकावर येतात. त्यापेक्षा कार्यालयाचे जाळे एकदाच बदलावे, म्हणजे पुन्हा कोणाच्या घरात शिरावे लागणार नाही.

निवृत्त_अभियंता, मंगळवार सकाळी ८.५०

तत्त्वतः वाटसरू यांचे म्हणणे योग्य आहे, व्यवहारात मात्र कार्यालयात नॅस, प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि बोटांच्या ठशांचे हजेरीयंत्र यांना बहुधा हाताने ठरावीक पत्ते दिलेले असतात. जाळ्याचा क्रमांक बदलला की ही सगळी मंडळी एकाच सकाळी गप्प होतात, आणि ज्याने ती बसवली त्याचा फोन नेमका त्या दिवशी लागत नाही. सभांचा हंगाम संपेपर्यंत घरचा क्रमांक बदलावा आणि कार्यालयाचे काम दिवाळीच्या सुट्टीत सावकाश, सर्व पत्ते कागदावर उतरवून करावे.

घंटाळीचा_वाटसरू, मंगळवार सकाळी ९.१२

दिवाळीत करण्यास माझी हरकत नाही. कोणत्या दिवाळीत, एवढे मात्र आत्ताच लिहून ठेवावे.

दिघा_गाव, मंगळवार दुपारी १.३०

धाग्यावर अतिक्रमण करतो आहे, त्याबद्दल क्षमस्व. आमच्याकडे महापे येथे जुन्या नॅसवरील फोल्डर पासवर्डशिवाय सर्वांना उघडत असे. नव्या विंडोज ११ च्या यंत्रावर तोच फोल्डर उघडायला नकार येतो, जुन्या यंत्रांवर अजूनही चालतो. हाही पत्त्यांचाच प्रकार आहे का?

मासुंदा, मंगळवार दुपारी २.१०

नाही, हा वेगळा आजार आहे. २०२४ साली आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ फाइल-सामायिकरणाच्या जोडणीवर स्वाक्षरी मागते, आणि पासवर्डशिवायच्या पाहुण्या प्रवेशाला अशी स्वाक्षरी करताच येत नाही. ही सक्ती बंद करण्याची युक्ती आपल्याला शोधल्यास सहज सापडेल, पण ती वापरू नये. नॅसवर प्रत्येकासाठी नाव आणि पासवर्ड असलेले खाते उघडावे आणि फोल्डरवर कोणाला केवळ वाचनाची, कोणाला लेखनाची परवानगी हवी ते त्याच वेळी ठरवावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

वाशीचा_छायाचित्रकार, मंगळवार सायंकाळी ६.४५

ताईंच्या स्क्रिप्टमध्ये 'डिलीट' हा पर्याय असल्यास तो आधी काढावा, असे मला कळकळीने सांगायचे आहे. मूळ जागी नसलेली फाइल दुसऱ्या जागेवरूनही पुसणे हे त्या पर्यायाचे काम आहे. माझ्या स्टुडिओतील संगणकावरही असाच रात्री आपोआप चालणारा आरसिंक होता. एके रात्री मूळ छायाचित्रांची डिस्क सैल तारेमुळे जोडलीच गेली नाही, तिच्या जागी रिकामा फोल्डर उरला, आणि आरसिंकने अत्यंत आज्ञाधारकपणे दुसऱ्या टोकाची प्रतही रिकामी केली. सकाळी पाहिले तर नोंदवहीत एकही त्रुटी नव्हती. काम यशस्वी, असे लिहिलेले होते.

मूळ डिस्क सुखरूप होती म्हणून एका लग्नाची छायाचित्रे वाचली. तेव्हापासून मी दोन पथ्ये पाळतो. डिस्कवर एक ठरावीक नावाची खुणेची फाइल ठेवलेली आहे, ती सापडली नाही तर स्क्रिप्ट पुढे जातच नाही. आणि स्क्रिप्टमध्ये काहीही बदल केला की पहिली फेरी नुसती 'ड्राय रन' पर्यायाने चालवतो, ज्यात काय होणार याची यादी मिळते पण प्रत्यक्षात काहीच होत नाही. फोल्डरच्या नावाशेवटची तिरकी रेघही तपासावी. ती असेल तर फोल्डरच्या आतले सामान जाते, नसेल तर फोल्डरच उचलून आत ठेवला जातो.

कोपरखैरणेकर, मंगळवार रात्री १०.००

आपणा सर्वांचे आभार. घरच्या राउटरचा क्रमांक ७३ केला आणि घरून फोल्डर पहिल्याच प्रयत्नात उघडला. प्रिंटर दोन तास रुसला होता, त्याला वायफायवर नव्याने जोडावे लागले. स्क्रिप्टमध्ये 'डिलीट' नाही, हे भाच्याला विचारून खात्री केली. परंतु दोनदा दिसणाऱ्या फाइलींचे कोडे तसेच आहे. आज 'पदाधिकाऱ्यांची निवड'मधली माझी दुरुस्ती पुन्हा गेली.

खाडीपलीकडे, मंगळवार रात्री १०.१५

नाव तेच आणि फाइल तीच, तर प्रत्येक जोडीतील एक पुसून टाकावी आणि मोकळे व्हावे.

वाशीचा_छायाचित्रकार, मंगळवार रात्री १०.१८

कृपया आत पाहिल्याशिवाय काहीही पुसू नये. नाव तेच असले म्हणून मजकूर तोच असतो असे नाही.

मुद्रितशोधक_ऐरोली, मंगळवार रात्री ११.०५

मला संगणकातले फारसे कळत नाही. मी मुद्रिते तपासतो, त्यामुळे नजर आधी अक्षराकडे जाते. ताईंनी पहिल्या पोस्टमध्ये दिलेल्या दोन याद्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. दोनदा दिसणाऱ्या चारही नावांत 'ऱ्य' आहे : भाडेकऱ्यांची, पदाधिकाऱ्यांची, दुसऱ्या, कर्मचाऱ्यांचे. ज्यांना काही झालेले नाही त्यांपैकी एकाही नावात तो नाही. 'थकबाकीदार'मध्ये साधा र आहे, 'वर्गणी'मध्ये रफार आहे, 'कर्मचाऱ्यांचे'मध्ये तर रफारही आहे आणि हा आडवा र-ही आहे. हा योगायोग असू शकेल, पण माझ्या धंद्यात अशा योगायोगाला चूक म्हणतात.

मासुंदा, मंगळवार रात्री ११.५०

मुद्रितशोधक, आपल्याला दंडवत. मी दोन दिवस घड्याळाची वेळ आणि परवानग्या यांच्या मागे लागलो होतो आणि उत्तर बाराखडीत होते.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणकात, 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो : एकतर ऱ हे स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे मिळून. प्रमाणकाच्या दृष्टीने दोन्ही समान आहेत आणि पडद्यावरही सारखेच दिसतात. 'मॅक ओएस एक्स्टेंडेड' प्रकारची डिस्क मात्र फाइलीचे नाव साठवताना अशी अखंड अक्षरे फोडूनच साठवते. मराठीत नेहमी वापरात असलेल्या अक्षरांपैकी हा फटका बसतो तो फक्त ऱ या अक्षराला. ळ, ॲ, ऑ यांना फोडण्यासारखे काही नसते.

म्हणजे घडते ते असे. सहकारी विंडोजवर अखंड ऱ असलेले नाव देतात. स्क्रिप्ट ती फाइल ताईंच्या डिस्कवर उतरवते, डिस्क नाव फोडून ठेवते. सायंकाळी स्क्रिप्ट फोडलेले नाव नॅसकडे नेते, आणि लिनक्स तर बाइट न् बाइट जुळल्याशिवाय दोन नावे एक मानत नाही, म्हणून तेथे दुसरी फाइल तयार होते. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही फाइली डिस्कवर उतरताना डिस्क त्यांना एकच समजते आणि नंतर आलेली आधीच्या प्रतीवर बसते. ताईंच्या दुरुस्त्या जातात त्या येथे.

आरसिंकमध्ये 'आयकॉन्व्ह' नावाचा पर्याय आहे. त्यात आधी आपल्या बाजूची आणि मग पलीकडची अक्षरपद्धती सांगायची असते, म्हणजे 'यूटीएफ-८-मॅक' आणि त्यापुढे स्वल्पविराम देऊन 'यूटीएफ-८'. फाइली उतरवताना असो वा चढवताना, हा क्रम बदलायचा नाही. एक खाचखळगा : मॅकसोबत वर्षानुवर्षे येत राहिलेला आरसिंक २००६ सालच्या २.६.९ आवृत्तीचा होता, आणि हा पर्याय २००८ च्या ३.० आवृत्तीत आला. म्हणून होमब्रूमधून (मॅकवर प्रोग्राम बसवण्याच्या साधनातून) नवी आवृत्ती बसवावी आणि स्क्रिप्टमध्ये तिचा पूर्ण मार्ग लिहावा, नाहीतर जुनाच आरसिंक चालत राहील.

यामुळे नव्या जोड्या तयार होणार नाहीत. जुन्या जोड्या नॅसवर तशाच राहतील. त्या एकेक उघडून, मजकूर ताडून मगच आवराव्यात.

येऊरची_पायवाट, बुधवार सकाळी ७.३०

भाषेचा ऱ्हास होतो आहे असे आजवर ऐकत होतो. तो नेमका कोणत्या अक्षरापासून सुरू होतो हे आज कळले.

खाडीपलीकडे, बुधवार सकाळी ९.४०

यापेक्षा फाइलींची नावे इंग्रजीत द्यावीत. अशा भानगडीच उद्भवत नाहीत.

मुद्रितशोधक_ऐरोली, बुधवार सकाळी १०.२०

संस्थेचे दप्तर मराठीत, इतिवृत्त मराठीत, सभेची सूचना मराठीत आणि फाइलीचे नाव तेवढे इंग्रजी, हे मला पटत नाही. आणि रोमन लिपीत लिहिलेले 'भाडेकरी' चार जण चार स्पेलिंगांनी लिहितील, त्याचे काय?

निवृत्त_अभियंता, बुधवार सकाळी ११.००

नावे मराठीत असावीत, फक्त आखूड असावीत. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात, म्हणून ८५ चिन्हांत नाव संपवावे लागते. विंडोज मात्र बाइटांऐवजी चिन्हांसारखी एकके मोजते, त्यामुळे तेथे बिनतक्रार ठेवलेली फाइल नॅसवर जाताना अडते. 'दिनांक अमुक रोजी गच्चीवर झालेल्या विशेष सर्वसाधारण सभेचे दुरुस्त केलेले अंतिम इतिवृत्त' अशी नावे मी स्वतः पाहिलेली आहेत. अंतिमच्या पुढे पुन्हा 'नवीन' असते, ते वेगळेच.

कोपरखैरणेकर, गुरुवार रात्री ९.३०

नवी आवृत्ती बसवली, पर्याय घातला, आधी ड्राय रन पाहिला आणि मग स्क्रिप्ट चालवली. तीन जोड्यांतला मजकूर ताडून, दोन्हीकडच्या दुरुस्त्या एकत्र करून एकेक फाइल ठेवली. दोन दिवसांत पाच वेळा जुळवणी केली, त्या पुन्हा दुप्पट झाल्या नाहीत. परंतु 'भाडेकऱ्यांची यादी' अजूनही दोन आहेत, नॅसवरही आणि डिस्कवरही. एक्सेलमध्ये लेन सूत्राने नावांची लांबी मोजली. एक १७ भरते आणि दुसरे १८. म्हणजे फोडलेला ऱ कोठेतरी शिल्लक राहिला का?

मासुंदा, गुरुवार रात्री १०.०५

१८ आकडा दोन प्रकारे येऊ शकतो. नावातील सहावे, सातवे आणि आठवे चिन्ह मिड सूत्राने वेगळे काढावे आणि त्यावर युनिकोड हे सूत्र लावून मिळणारे आकडे येथे द्यावेत. अखंड ऱ चा क्रमांक २३५३ आहे, साध्या र चा २३५२, नुक्त्याचा २३६४ आणि हलन्ताचा २३८१.

कोपरखैरणेकर, गुरुवार रात्री १०.२५

१८ लांबीच्या नावात अनुक्रमे २३५२, २३८१ आणि ८२०५ असे आकडे आले. हे ८२०५ काय आहे?

मासुंदा, गुरुवार रात्री १०.४०

ते अदृश्य जोडचिन्ह आहे. येथे ऱ नाहीच. कोणीतरी साधा र, हलन्त आणि ते जोडचिन्ह टंकून आडवा र मिळवलेला आहे. दिसायला तो तसाच दिसतो, पण युनिकोडच्या दृष्टीने तो समान नाही, त्यामुळे आयकॉन्व्ह त्याला हात लावत नाही आणि मॅकची डिस्कही त्याला वेगळेच नाव समजते. ताई, आपण पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले होते की हीच एक फाइल डिस्कवरही दोनदा दिसते. तेथेच मी थबकायला हवे होते. ही जोडी जुळवणीने निर्माण केलेली नाही, दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या वेळी टंकलेली आहे.

मुद्रितशोधक_ऐरोली, गुरुवार रात्री १०.५५

जुन्या टंकलिखितांत मला हा दुसरा र नेहमी भेटतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबले की सरळ ऱ उमटतो, पण ते ज्यांना ठाऊक नसते ते जोडचिन्हाच्या वाटेने जातात. आपल्याकडे पूर्वी कोणी वेगळ्या कळफलकावर टंकत असे का?

कोपरखैरणेकर, शुक्रवार दुपारी १२.४०

होय. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या आमच्या ज्येष्ठ सहकारी बाई घरी सवय असलेल्या कळफलकावर टंकत असत. नव्या मुलाने शोध घेतला तेव्हा 'भाडेकऱ्यांची यादी' त्याला सापडली नाही, कारण त्याने टंकलेला ऱ वेगळा होता, म्हणून त्याने नवी फाइल तयार केली. आज दोन्ही शेजारी उघडून पाहिल्या. बाईंच्या यादीत दोन सदनिकांचे करारनामे आहेत जे नव्या यादीत आलेलेच नाहीत, आणि त्यांच्याकडून बिगरभोगवटा शुल्काची आकारणी तेव्हापासून झालेली नाही. खाडीपलीकडे यांचे ऐकून एक फाइल पुसली असती, तर हे कधीच कळले नसते.

खाडीपलीकडे, शुक्रवार दुपारी १.०५

माझ्या दोन्ही सूचना नाकारल्याबद्दल ताईंचे अभिनंदन. राउटरवरचा ४४५ चा नियम अजून होता. काढला.